लहान मुलाला ऑपरेशननंतर किती दुखतंय, हे घरी कसं ओळखायचं?

सई_सातारा

मुलगा साडेतीन वर्षांचा, वजन १४ किलो. पुढच्या गुरुवारी उजव्या बाजूच्या हर्नियाचं ऑपरेशन आहे. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. सर्जननी आधीच दिलेल्या कागदावर 'पॅरासिटामॉल सिरप, एसओएस' एवढंच आहे. किती मिली, किती तासांनी, काही नाही.

एसओएस म्हणजे गरज पडली तर, हे कळतं. पण गरज पडली हे ठरवायचं कशावरून? हा मुलगा पडला-झडला तरी फारसा रडत नाही, अनोळखी माणसांसमोर तर तोंडच मिटून घेतो. भूक लागली की मात्र घर डोक्यावर घेतो. म्हणजे रडण्यावरून काही कळायचं नाही. 'दुखतंय का' विचारलं की कायम 'नाही'. घरी सासूबाईंचं म्हणणं आहे की फारच रडला तर द्यावं, उगाच सवय नको.

जाणकारांनी नेमकं सांगावं: काय बघायचं, किती वेळाने बघायचं, आणि कुठल्या खुणेवर औषध द्यायचं?

---

भूलतज्ज्ञ_नाशिक

ताई, पहिल्या दोन दिवसांसाठी एसओएस हा शब्द बाजूला ठेवा. सर्जनना भेटून त्याच कागदावर मात्रा आणि तास लिहून घ्या. हर्नियाच्या ऑपरेशननंतर पहिले ४८ तास दुखणारच आहे, त्यात शोधण्यासारखं काही नाही. एवढा काळ औषध घड्याळाप्रमाणे. तुमचं निरीक्षण लागतं ते ठरलेलं औषध पुरतंय की नाही हे बघायला आणि तिसऱ्या दिवशी थांबवायचं की नाही हे ठरवायला.

रडण्याची वाट का बघायची नाही, याचं कारण साधं आहे. तोंडाने दिलेलं पॅरासिटामॉल लागू पडायला अर्धा ते एक तास जातो. कळवळून रडणारं साडेतीन वर्षांचं पोर सिरप थुंकतं, ओकतं, मग दुसरी मात्रा द्यावी की नाही हा घोळ होतो आणि तासाचे दोन तास होतात.

हर्नियात बहुतेक ठिकाणी मूल भुलेखाली असताना माकडहाडाच्या वर एक इंजेक्शन देतात, त्याला कॉडल ब्लॉक म्हणतात. काही ठिकाणी त्याऐवजी जांघेतली नस बधिर करतात. कॉडलचा असर साधारण ४ ते ६ तास राहतो. त्यामुळे दुपारी मूल अगदी मजेत दिसतं, बिस्किट मागतं, आणि घरच्यांना वाटतं, याला काहीच दुखत नाही. असर उतरतो तो नेमका दुपारी उशिरा किंवा घरी जाताना गाडीत. म्हणून तोंडाने द्यायचं औषध असर उतरण्याच्या आधी पोटात गेलेलं असावं. पाय जड असेपर्यंत मुलाला एकट्याने उभं राहू देऊ नका. बधिरपणा जाताना पायाला मुंग्या येतात आणि काही मुलं त्यानेच भेदरून रडतात. पाय चोळून, मांडीवर घेऊन ती शांत झाली तर ते जखमेचं दुखणं नाही.

घरी जाण्याआधी भूलतज्ज्ञांना तीन गोष्टी विचारा आणि कागदावर वेळेसकट लिहून घ्या. ब्लॉक कुठला आणि किती वाजता दिला. ऑपरेशन थिएटरमध्ये पॅरासिटामॉल दिलं का, शिरेतून की गुदद्वारातून, किती वाजता. डायक्लोफिनॅकची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची वेदनाशामक गोळी, ठेवली का. हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. भुलेखालच्या मुलांना ती सर्रास ठेवली जाते, आणि आयबुप्रोफेन त्याच कुळातलं औषध आहे. चार तासांत त्यावर आयबुप्रोफेन दिलं तर एकाच जातीची दोन औषधं एकमेकांवर चढतात.

शुद्धीवर येतानाचा पहिला अर्धा तास यातून वगळा. सेव्होफ्लुरेन या भुलेनंतर २ ते ५ वर्षांची बरीच मुलं हातपाय झाडतात, किंचाळतात, आईकडे बघूनही तिला ओळखत नाहीत. नजर लागत नाही ही त्यातली मुख्य खूण. दुखणारं मूल नजर देतं आणि आईला बिलगतं. हा गोंधळ बहुधा १५ ते ३० मिनिटांत आपोआप निवतो. तेवढा वेळ त्याला लागू-पडू नये एवढंच बघायचं.

---

बालवॉर्ड_सिस्टर

डॉक्टरांनी औषधाचं सांगितलं, मी बघण्याचं सांगते.

कॅनडातल्या डॉ. क्रिस्टीन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली खास पालकांसाठी एक मोजमाप तयार केलं. त्याला पीपीपीएम म्हणतात. पहिल्यांदा ते ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी होतं, पुढे २ ते ६ वर्षांच्या मुलांतही तपासलं गेलं. म्हणजे तुमच्या मुलाला चालतं. पंधरा प्रश्न, उत्तर हो किंवा नाही, प्रत्येक 'हो'ला एक गुण. ६ किंवा जास्त झाले तर दखल घेण्याजोगं दुखतंय असं धरायचं. सकाळ, दुपार आणि रात्री झोपण्याआधी, असं तीनदा भरा.

प्रत्येक प्रश्नात 'नेहमीपेक्षा' हा शब्द मनात धरून वाचा:

किरकिर किंवा तक्रार जास्त करतोय का? लवकर रडू फुटतंय का? खेळणं कमी झालंय का? एरवी करतो त्या गोष्टी करत नाहीये का? जास्त घाबरलेला, काळजीत वाटतो का? जास्त गप्प आहे का? अंगात त्राण कमी वाटतं का? खायला नकार देतोय का? कमी खातोय का? दुखरी जागा हाताने धरतोय का? तिथे धक्का लागू नये म्हणून जपतोय का? कण्हतोय का? चेहरा लालसर दिसतोय का? सारखा तुम्हाला चिकटून राहतोय का? एरवी नको म्हणतो ते औषध मुकाट्याने घेतोय का?

यात कानाने कळणाऱ्या गोष्टी फक्त तीन आहेत: किरकिर, रडणं, कण्हणं. बाकीच्या बारा डोळ्यांनी बघायच्या. तुमच्या मुलासारखी न रडणारी मुलं या बारांतच सापडतात. शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्या. सिरपची बाटली बघून पळणारा मुलगा स्वतःहून तोंड उघडत असेल तर तो शहाणा झालाय असं समजू नका, त्याला दुखतंय. चेहऱ्याची लाली सावळ्या मुलात दिसणं अवघड. तिथे नक्की वाटलं नाही तर 'नाही' धरा, एका गुणाने अडत नाही.

हे मोजमाप चालायचं असेल तर 'नेहमी' म्हणजे काय हे आधी माहीत हवं. तुमच्याकडे अजून काही दिवस आहेत. दोन साध्या दिवसांची नोंद करा: सकाळी किती पोळी खाल्ली, दूध किती प्याला, सलग किती वेळ खेळला, दुपारी किती झोपला, दिवसातून किती वेळा 'आई घे' म्हणाला. ऑपरेशननंतर सगळ्यांचीच झोप अपुरी असते आणि आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही.

या आकड्याला दोन मर्यादा आहेत. आकडा ६ च्या खाली आला म्हणून पहिल्या दोन दिवसांत ठरलेली मात्रा चुकवू नका. औषध लागू पडलंय म्हणूनच तो खाली आहे. आणि भूक, मळमळ, भीती, अपुरी झोप यांनीही आकडा वर जातो. औषध दिल्यावर तासाभराने पुन्हा भरा. उतरला तर दुखत होतं. नाही उतरला तर कारण शोधा: शेवटची लघवी कधी झाली, पट्टी काचतेय का, हाताला सलाइनची सुई होती ती जागा सुजलीय का, नुसती भूक तर नाही. कॉडलनंतर लघवी तुंबू शकते. ओटीपोट टम्म लागलं आणि ८ तासांत लघवी झाली नाही तर फोन करा, औषध वाढवू नका.

हर्नियात स्थिर पडलेलं मूल बघून काही कळत नाही, कारण न हलता पडून राहिलं की कमी दुखतं हे त्यालाही कळलेलं असतं. औषध देण्याच्या वेळी त्याला पलंगावरून स्वयंपाकघरापर्यंत चालवा, जमिनीवरचं खेळणं उचलायला सांगा. वाकून चालतो का, उजवा पाय आखडतो का, खोकताना-हसताना जांघेला हात जातो का, शी करायला बसायचं टाळतो का? जखम दाबून बघायची नाही. झोपेचंही तसंच. मूल झोपलं म्हणजे दुखत नाही असं होत नाही. कपाळाला आठी, गुडघे पोटाशी, आणि दर अर्ध्या तासाने कण्हत चाळवणं ही दुखऱ्या झोपेची लक्षणं.

आता 'दुखतंय का' या प्रश्नाबद्दल. 'हो' म्हटलं की सुई टोचतात, हे मुलाने दवाखान्यात पाहिलेलं असतं. म्हणून तो 'नाही' म्हणतो. त्यात घरातलं कोणीतरी 'शहाणी मुलं रडत नाहीत' म्हणून गेलेलं असतं. प्रश्न बदला. 'बाऊ कुठे आहे, बोट लाव बघू.' 'बाऊ छोटा आहे की मोठा?' मूल ज्या शब्दात बोलतं तो शब्द वापरा. मोठी मुलं ठणकतंय, झोंबतंय, टाके ओढतायत असं वेगवेगळं सांगतात, त्यावरून नेमकं काय होतंय तेही कळतं. साडेतीन वर्षांच्या मुलाकडे एकच शब्द असतो, तो 'बाऊ'. औषध देताना 'याने बाऊ कमी होईल' असं स्पष्ट सांगा, आणि 'रडलास तर डॉक्टरकाका सुई देतील' ही धमकी निदान महिनाभर घरात कोणीही द्यायची नाही. पुढच्या प्रत्येक उत्तराची किंमत त्यावर ठरते.

---

सई_सातारा

सिस्टर, मनापासून आभार. पंधरा प्रश्न लिहून फ्रिजवर लावते. चेहऱ्यांचं चित्र दाखवून विचारतात ते या वयात चालेल का?

---

बालवॉर्ड_सिस्टर

साडेतीनला नाही. सहा चेहऱ्यांची सुधारित पट्टी, जिला एफपीएस-आर म्हणतात, ती साधारण ४-५ वर्षांपासून पुढे उपयोगी. त्याहून लहान मुलं एक तर पहिला चेहरा दाखवतात किंवा शेवटचा, मधलं काही नाही. पट्टी निवडतानाही बघा. काही पट्ट्यांत पहिला चेहरा हसरा आणि शेवटच्यावर अश्रू असतात. तिथे मूल 'मी खूश आहे की नाही' याचं उत्तर देतं. एफपीएस-आरमध्ये हसू नाही आणि अश्रूही नाहीत, म्हणून ती बरी.

या वयात चार सोंगट्या चालतात. कॅरमच्या चार सोंगट्या ओळीत ठेवा. 'एक म्हणजे थोडासा बाऊ, चार म्हणजे सगळ्यात मोठा बाऊ. तुझा बाऊ केवढा?' आधी परीक्षा घ्या: 'डास चावला तर किती? पायावर पाट पडला तर किती?' दोन्हीला चारच उचलल्या तर त्याला खेळ कळलेला नाही, त्या आकड्याचा भरवसा धरू नका.

कोणाकडे तान्हं बाळ असेल किंवा सेरेब्रल पाल्सीमुळे न बोलणारं मूल असेल, तर त्यांच्यासाठी फ्लॅक नावाची पद्धत आहे. अमेरिकेत मिशिगनच्या परिचारिका-संशोधकांनी ती १९९७ साली मांडली, २ महिने ते ७ वर्षं वयासाठी. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं, प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण १० पैकी. पाय सैल असतील तर ०, अस्वस्थ किंवा ताठ असतील तर १, झाडत असेल किंवा पोटाशी ओढून घेत असेल तर २. बाकी चारही याच चालीने. जागं असताना निदान एक-दोन मिनिटं नीट बघून मग गुण द्यायचे. न बोलणाऱ्या मुलांसाठी तिची सुधारित आवृत्ती आहे, त्यात पालकांनी आधीच सांगायचं असतं की याला दुखलं की हा काय करतो. कोणी डोकं आपटतं, कोणी श्वास रोखतं, कोणी एकदम निपचित होतं. ही माहिती दाखल करतानाच वॉर्डला लिहून द्या, कारण बाहेरच्या माणसाला ती कळूच शकत नाही.

---

अनिकेत_ठाणे

विरोध म्हणून नाही, शंका म्हणून विचारतो. दोन-दोन दिवस घड्याळ लावून पॅरासिटामॉल म्हणजे लिव्हरवर ताण नाही का? आणि एवढ्या लहान मुलांना आपल्याइतकं दुखतं का? आमच्या पिढीत कोणाला काही देत नव्हते.

---

भूलतज्ज्ञ_नाशिक

दुसऱ्याचं आधी, कारण त्या समजाने फार नुकसान केलंय. वैद्यकशास्त्रही बराच काळ असंच मानत होतं. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कन्वलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास छापला. हृदयाजवळची रक्तवाहिनी बंद करण्याचं ऑपरेशन होणाऱ्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला त्या काळच्या रिवाजाप्रमाणे हलकी भूल, दुसऱ्याला त्याच भुलेबरोबर फेंटानिल हे वेदनाशामक. वेदनाशामक न मिळालेल्या बाळांच्या शरीरात ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त वाढली आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंतही त्यांच्यात जास्त झाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दुखतं, तर साडेतीन वर्षांच्या मुलाला दुखतंच.

लिव्हरचं म्हणाल तर मात्रा १५ मिलिग्रॅम प्रति किलो, दर ६ तासांनी, म्हणजे दिवसाला ६० मिलिग्रॅम प्रति किलो. निरोगी, पाणी पिणाऱ्या मुलाला दोन-तीन दिवस हे सुरक्षित आहे. बिघडतं ते मात्रा दुप्पट झाली की, आणि ती बहुतेक वेळा नकळत होते. त्यावर औषधवाले सांगतीलच. लिव्हरचा आजार, कुपोषण, दोन दिवस पोटात काहीच नाही, अंगातलं पाणी कमी झालंय, अशा मुलांत मात्रा कमी करावी लागते, ती डॉक्टर ठरवतील.

सवयीची भीती पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनला लागू नाही, ही औषधं व्यसन लावत नाहीत. आईवडिलांवर झालेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा हेच दिसलंय की मुलाला दुखतंय हे त्यांना कळतं, तरी ते सांगितल्यापेक्षा कमी मात्रा देतात. ओळखता न येणं हा अर्धाच प्रश्न आहे. ओळखल्यावरही हात आखडतो.

---

औषधवाले_मिरज

मात्रा नेहमी मिलिग्रॅममध्ये ठरते आणि घरी मिलीमध्ये दिली जाते. चूक या दोघांच्या मध्ये होते.

१४ किलोला पॅरासिटामॉल १५ × १४ = २१० मिलिग्रॅम. आता आपल्याकडच्या बाटल्या बघा:

५ मिलीत १२० मिलिग्रॅमची असेल तर ८.७५ मिली.
५ मिलीत २५० मिलिग्रॅमची असेल तर ४.२ मिली.
१ मिलीत १०० मिलिग्रॅमचे थेंब असतील तर २.१ मिली.

थेंबांच्या बाटलीतून कोणी ८.७५ मिली दिलं तर एका वेळी ८७५ मिलिग्रॅम जातात. या मुलाची अख्ख्या दिवसाची कमाल ८४० आहे. घरात धाकटं बाळ असेल तर ती थेंबांची बाटली वेगळ्या खोलीत ठेवा. उलटंही होतं: दुकानात २५० ची संपली म्हणून १२० ची दिली, आणि घरी जुनेच ४.२ मिली चालू राहिले. मुलाला निम्म्याहून कमी मिळतं आणि मग 'हे औषध याला लागूच पडत नाही' असं म्हटलं जातं.

आयबुप्रोफेन सर्जननी मान्य केलं तर ५ ते १० मिलिग्रॅम प्रति किलो, दर ८ तासांनी, काहीतरी खाल्ल्यावर. बाटली बहुधा ५ मिलीत १०० मिलिग्रॅमची असते. १० च्या हिशेबाने १४० मिलिग्रॅम म्हणजे ७ मिली. किडनीचा त्रास, रक्त न गोठण्याचा आजार, या औषधाने दमा वाढल्याचा इतिहास, उलट्या-जुलाब किंवा डेंग्यूची शंका असेल तर नाही.

दुप्पट होण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे जोडसिरप. आयबुप्रोफेन १०० आणि पॅरासिटामॉल १६२.५ मिलिग्रॅम एकाच ५ मिलीत असलेली सिरपं घरोघरी आहेत. त्याचे ७ मिली दिले की २२७ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल गेलंच. वर 'तापाचं' म्हणून साधं पॅरासिटामॉल दिलं की झाली दुप्पट. ब्रँडचं नाव वाचू नका, लेबलवरची बारीक अक्षरं वाचा. मेफेनामिक ॲसिडचं सिरपही तापाला देतात. ते आयबुप्रोफेनच्याच कुळातलं, दोन्ही एकत्र नको.

निमेसुलाइडची जुनी बाटली सापडली तर टाकून द्या, १२ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे. ॲस्पिरिन मुलांना नाही. मोठ्यांच्या ट्रॅमाडॉलच्या गोळीचा तुकडा करून कधीही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन आणि ट्रॅमाडॉल देऊ नये असं स्पष्ट केलं. काही मुलांचं शरीर ही औषधं फार वेगाने तीव्र रूपात बदलतं आणि झोपेत श्वास मंदावतो.

माप तोंडाने द्यायच्या सिरिंजने घ्या, १० मिलीची मिळते. स्वयंपाकघरातला चमचा नको, प्रत्येक घरात तो वेगळा असतो. बाटली आधी हलवा, तळाशी औषध बसलेलं असतं. सिरिंज जिभेवर नाही तर गालाच्या आतल्या बाजूला लावून थोडं थोडं सोडा. दुधाच्या भरल्या पेल्यात मिसळू नका, अर्धा पेला राहिला की किती गेलं ते सांगता येत नाही. दिल्यावर लगेच सगळं ओकला तर पुन्हा देण्याआधी डॉक्टरांना फोन करा, आणि अर्धा तास होऊन गेल्यावर ओकला तर पुन्हा देऊ नका.

---

मानसी_बडोदा

याच धाग्यात विचारते. मुलगी ५ वर्षांची, १७ किलो, टॉन्सिल आणि ॲडिनॉइड्स काढून आज चौथा दिवस. दुसऱ्या दिवशी बरी होती, आता जास्त दुखतंय, कानही दुखतो म्हणते. पाणी पीत नाही. घशात पांढरं दिसतंय. इन्फेक्शन आहे का?

---

कानघसा_कोल्हापूर

टॉन्सिलचं दुखणं हर्नियासारखं उतरत जात नाही. पहिल्या दिवसानंतर थोडं हलकं वाटतं आणि तिसऱ्या ते सातव्या दिवसात पुन्हा चढतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर पालक दुसऱ्या दिवशी औषध बंद करतात आणि चौथ्या दिवशी नेमकं असंच होतं. म्हणून टॉन्सिलमध्ये औषध आठवडाभर घड्याळाप्रमाणे, पहिल्या काही रात्री उठवूनसुद्धा. उठवायचं म्हणजे पुरतं जागं करून, बसवून. झोपेत आडव्या मुलाच्या तोंडात सिरप ओतायचं नाही. तुमच्या मुलीला पॅरासिटामॉल २५० च्या बाटलीतून ५ मिली, दिवसात ४ वेळा. आयबुप्रोफेनबद्दल तुमच्या सर्जनला विचारा. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शनात ते सुचवलेलं आहे, पण रक्तस्रावाच्या शंकेने काही सर्जन ते टाळतात.

कान दुखतो कारण टॉन्सिलची जागा आणि कान यांना एकाच नसेच्या फांद्या जातात. कानात थेंब घालू नका. पांढरट-पिवळट साय म्हणजे भरणाऱ्या जखमेवरचा थर, तोंडाला वासही येतो. ते इन्फेक्शन नव्हे.

खरी काळजी पाण्याची. घसा कोरडा पडला की जास्त दुखतं, जास्त दुखलं की गिळत नाही. १७ किलोला दिवसाला साधारण १३०० मिली लागतं. दुखणं किती आहे याचं सगळ्यात चांगलं माप म्हणजे औषधानंतर ४० मिनिटांनी ती किती घोट घेते. तेव्हाच गार दूध, पेज, शहाळं, साधं आइस्क्रीम द्या. ताक, लिंबू, टोमॅटोचं सार नको, झोंबतं. चिवडा, पापड, टोस्ट नको. कोकम सरबत आणि गुलाबाचं सरबतही आत्ता नको, कारण उलटी झाली तर ते रक्त आहे की सरबत हे कळत नाही. ८ तासांत लघवी झाली नाही, ओठ कोरडे पडले, डोळे खोल गेले तर दाखवा.

आणि रात्री टॉर्च जवळ ठेवा. पाचव्या ते दहाव्या दिवसात साय सुटते तेव्हा रक्त येऊ शकतं. झोपेत सारखी गिळत असेल तर उठवून तोंडात बघा, कारण रक्त बाहेर न येता पोटात जातं. ताजं लाल रक्त दिसलं किंवा रक्ताची उलटी झाली तर सकाळची वाट न बघता थेट ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात.

---

बालवॉर्ड_सिस्टर

कान-घशाच्या डॉक्टरांनी धोक्याचं काढलंच आहे तर सईताईंसाठी: हर्नियाचं दुखणं तिसऱ्या दिवशी निम्म्यावर यायला हवं. त्यानंतर वाढत गेलं, जखम लाल-गरम झाली, पाणी सुटलं, ताप आला, पोट फुगून उलट्या होऊ लागल्या तर आकडे भरत बसू नका, दाखवा.

हात-पाय मोडून प्लास्टर घातलेल्या मुलांच्या पालकांनी एक लक्षात ठेवा. औषध देऊनही दुखणं चढतंय, दर वेळी आधीपेक्षा लवकर मागतोय, बोटं सुजली किंवा गार पडली, बोट हलकेच सरळ केलं तरी किंचाळतो, असं असेल तर आत दाब वाढतोय. तिथे मात्रा वाढवणं म्हणजे वेळ घालवणं. लगेच रुग्णालयात.

---

सई_सातारा

सर्जनशी बोलणं झालं. आयबुप्रोफेनला हो म्हणाले, मात्राही लिहून दिल्या. ऑपरेशन ९:३० ला आणि तेव्हाच शिरेतून पॅरासिटामॉल देणार, असं धरून मी मांडलंय:

दुपारी १:३० आयबुप्रोफेन ७ मिली, खाल्ल्यावर.
३:३० पॅरासिटामॉल ४.२ मिली.
रात्री ९:३० दोन्ही.
पहाटे ३:३० पॅरासिटामॉल ४.२ मिली.
पहाटे ५:३० आयबुप्रोफेन ७ मिली.

बरोबर आहे?

---

औषधवाले_मिरज

तास बरोबर. पॅरासिटामॉल थिएटरमधलं धरून २४ तासांत चार, आयबुप्रोफेन तीन. बदल एवढे करा: प्रत्येक मिलीपुढे बाटलीची ताकद लिहा, '४.२ मिली, २५० ची'. दुसऱ्या कोणी मात्रा दिली तर ती घोळात पडणार नाही. डायक्लोफिनॅकची सपोझिटरी ठेवली असेल तर १:३० ची ओळ खोडा, पहिलं आयबुप्रोफेन ५:३० ला आणि पुढचं त्यापासून ८ तासांनी. पहाटे ५:३० चं रिकाम्या पोटी देऊ नका, सकाळी उठून दूध-बिस्किट झाल्यावर द्या आणि पुढचे ८ तास तिथून मोजा. पहाटे ३:३० ला तो शांत झोपलेला असेल, कपाळाला आठी नसेल, तर हर्नियात ती एक मात्रा उठल्यावर दिली तरी चालेल.

आणि दुपारी १:३० व ३:३० च्या वेळी तुम्ही अजून रुग्णालयातच असाल. तिथली औषधं सिस्टर देतील. कागद त्यांच्या हातात द्या, दिल्यावर वेळेपुढे त्यांची सही घ्या, आणि डिस्चार्ज होईपर्यंत आपल्या पिशवीतली बाटली उघडू नका.

---

सई_सातारा

सहीचा रकाना केला. तिसऱ्या दिवशी सकाळी पंधरा प्रश्न भरून आकडा इथे टाकते.